खाटेवरून उठवण्याचं संशोधन

आमच्या कोल्हापूर भागात माणसं एक वेळ लग्न चुकवतील, पण दवाखान्यात पेशंट बघायला जायचं चुकवणार नाहीत. गावात कुणी अ‍ॅडमिट झालं की दुसऱ्या दिवशी टेम्पो ठरतो. शहाळी, मोसंबी, बिस्किटांचे पुडे घेऊन पंधरा-वीस माणसं वॉर्डाच्या दारात उभी राहतात आणि वॉचमनला म्हणतात, "लांबनं आलोया वो पावणं, सोडा की आत." वॉचमनही कुठल्यातरी गावचाच असतो, तो सोडतो. मी मेडिसिन वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होते. निम्मी नोकरी पेशंट सांभाळण्यात गेली आणि निम्मी त्यांना बघायला आलेल्यांना बाहेर काढण्यात.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं होतं की सिस्टर, वॉर्डातले गमतीदार किस्से लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं. एखादा किस्सा देते. पण निवृत्त झाल्यापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे आणि ती हलकीफुलकी नाही. आमच्या हॉस्पिटलात एक संशोधन झालं. चांगलं झालं, मन लावून झालं, त्यातून जे निघालं ते खरं निघालं. पुढं त्याचं जे केलं गेलं त्याचा राग अजून गेलेला नाही. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही.

आधी थोडं आमच्या कामाबद्दल सांगते. लोकांना वाटतं, आजारी माणसानं पडून राहायचं, बाकीचं औषध बघून घेतं. पण म्हातारं माणूस आठवडाभर खाटेवर निजून राहिलं की त्याच्या मांड्या उतरतात. छातीत कफ साचतो. माकडहाडावर लाल चट्टा उठतो आणि दुर्लक्ष झालं तर तिथं जखम होते. दिवस कुठला, रात्र कुठली ते कळेनासं होतं. आयुष्यभर घर चालवलेली बाई सुनेला विचारते, तू कोण गं? मग न्यूमोनिया बरा होतो, एक्स-रे स्वच्छ येतो आणि रिक्षातून उतरून स्वतःच्या पायानं आलेला आजोबा घरी जाताना चौघांनी उचलावा लागतो. घरचे म्हणतात, आजारानं पार पिळून काढलं बघा. खाटेनं काय केलं ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण खाट तर आरामासाठी दिलेली असते.

हे थांबवता येतं का, हे बघायचं संशोधन आमच्याकडं सुरू झालं. करणाऱ्या होत्या आमच्या एक डॉक्टर. आम्ही सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणायचो, इथंही तेच म्हणते. तरुण होत्या, बोलायला गोड आणि कामाला वाघ. त्यांनी दोन वॉर्ड निवडले. एकात नेहमीसारखं चालू ठेवायचं. दुसऱ्यात, म्हणजे माझ्या, डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली की पेशंटला खाटेवर जेवू द्यायचं नाही, खुर्चीत बसवून जेवायला द्यायचं. आणि रोज दोनदा धरून व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या खिडकीपर्यंत चालवायचं. आला तेव्हा किती चालत होता आणि जाताना किती चालतो, हे दोन्ही वॉर्डांत ताडून बघायचं. त्यासाठी हात असलेल्या भक्कम लाकडी खुर्च्या आणल्या. एका स्टाफनर्सनं मला हळूच विचारलं, "सिस्टर, ह्याला संशोधन म्हणायचं? हे तर माझी आजी पण सांगत होती." मी तिला गप्प केलं, पण मलाही तसंच वाटलं होतं.

काम सोपं दिसलं तरी सोपं नव्हतं. माणसं आमच्याकडं कायम कमी. एका म्हाताऱ्याला उठवून, सलाईन सांभाळत, लघवीच्या नळीची पिशवी धरून खिडकीपर्यंत न्यायचं तर दोघी लागतात, आणि तेवढ्यात तिसऱ्या खाटेवरचं सलाईन संपलेलं असतं. पण ते आम्ही कसंतरी निभावलं असतं. खरी पंचाईत झाली ती बघायला येणाऱ्यांची.

पेठ वडगावकडच्या एका दूध संस्थेचे चेअरमन आमच्याकडं होते. दम्यानं बेजार होऊन आले होते, पण तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसून चहा पीत होते, शेजारच्या पेशंटला दुधाचा फॅट समजावून सांगत होते. तेवढ्यात त्यांच्या पुतण्यानं येऊन सांगितलं, "आण्णा, संस्थेची माणसं खाली उतरल्यात." चेअरमनसाहेबांनी कपबशी माझ्या हातात कोंबली, धोतर सावरत खाटेवर उडी घेतली, चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि कण्हायला लागले. माणसं आली, पाया पडली, सुस्कारे टाकून गेली. मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "हे काय नाटक, चेअरमन?"

"नाटक न्हाय सिस्टर," ते उठून बसत म्हणाले. "दोन टेम्पो माणसं कामधंदा सोडून आल्यात. मी हितं खुर्चीत बसून च्या प्यालोय म्हटल्यावर उद्या वडगावच्या बाजारात काय अब्रू ऱ्हाईल माझी? आजारी माणूस आजारी दिसाय नगो?"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. पण हे प्रत्येक खाटेवर होत होतं. येणाऱ्यानं भाडं घातलेलं असतं, शेतातलं काम टाकलेलं असतं, तर पेशंटनं निदान झोपलेलं असावं अशी रीत आहे. पेशंट बसलेला दिसला तर दोन अर्थ निघतात. एक, याला काहीच झालेलं नाही. दोन, घरचे याची सेवा करत नाहीत. दुसरा जास्त झोंबतो. त्यामुळं मुलं आणि सुना आई-बापांना खाटेला धरून ठेवायचे, आणि सगळं प्रेमानं.

आक्का आल्या त्या याच काळात. जयसिंगपूरच्या पलीकडच्या एका गावातल्या जैन शेतकरी घरातल्या, वयानं पंच्याहत्तरीच्या पुढच्या, अंगानं काटकुळ्या. त्यांना पोटची मुलं, सुना, अख्खं गाव आक्काच म्हणायचं. न्यूमोनिया होता. सोबत मोठा मुलगा सुकुमार, पन्नाशीचा, धिप्पाड आणि आईवेडा. दिवसभर आईचे पाय मांडीवर घेऊन चेपत बसायचा. असा मुलगा मिळायला नशीब लागतं, हे मी मनापासून म्हणते.

पहिले दोन दिवस आक्का संध्याकाळी जेवेनात. कागदावर "जेवण नाकारते" असा शेरा पडला. मॅडम राऊंडला आल्या, खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांनी आक्कांनाच विचारलं. उत्तर अगदी साधं होतं. आक्का दिवस मावळल्यावर अन्न घेत नसत आणि आमचं ताट दिवे लागल्यावर यायचं. मॅडम उठल्या त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या, तिथं भांडल्या, आणि त्या दिवसापासून ज्यांना हवं त्यांचं ताट उजेडात यायला लागलं. तेव्हाच्या मॅडम अशा होत्या. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायचा.

त्याच वेळी आक्कांनी आपला दुसरा नेमही सांगितला. गावात असताना रोज सकाळी बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, पायी जाऊन दर्शन घ्यायचं. त्याआधी तोंडात काही घालायचं नाही. लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. गाव सोडून बाहेर असलं तर उशाशी ठेवलेल्या तसबिरीचं दर्शन चालायचं, पण गावात पाय टाकला की पायीच. सुकुमारनं गाडी घेतल्यावर सोडायला येतो म्हणाला होता, तर आक्का त्याच्यावर डाफरल्या होत्या.

"मला चालीव बाई," त्या माझा हात धरून म्हणाल्या. "पायच गेलं तर दर्शन न्हाय. आनि दर्शन न्हाय तर घास न्हाय. मग जगून काय करू मी?"

मी खुर्ची लावली आणि सुकुमार आडवा आला. "सिस्टर, माझ्या आईला तुम्ही खुर्चीत बशिवणार? ताप हाय तिला. गावातली माणसं यायची हायत आज. म्हणतील पोरगं आईला निजू बी देईना."

मी समजावलं, मॅडमनी समजावलं. तो मान डोलवायचा आणि आमची पाठ वळली की आक्कांना उचलून परत खाटेवर ठेवायचा, अगदी हळुवार. असे तीन-चार दिवस गेले. आक्कांच्या पिंढऱ्या हाताला सैल लागायला लागल्या. मला रोज दिसत होतं आणि माझा जीव तुटत होता.

मग एक दिवस दुपारी गावाकडून बायका आल्या. ट्रॅक्स जीप भरून. सुकुमारनं लगबगीनं आईला निजवायला घेतलं आणि माझा तोल गेला. मी वॉर्डाच्या मधोमध उभी राहून ओरडले, "पेशंट बघायला आलाय न्हवं? मग निस्तं बघून काय करताय? बघून कोण बरं झालंय आजवर? दोघी दोन्हीकडनं धरा आनि न्या खिडकीपातूर!"

बायका दचकल्या. त्यांच्यात एक उंच, मोठ्या आवाजाची म्हातारी होती, आक्कांची जाऊ. ती पदर खोचून पुढं झाली. "व्हय की! सिस्टर बरं बोलतिया. चल गं आक्का, बस्तीला जायचंय असं समज." दोघींनी आक्कांना दंडाला धरलं, मी सलाईन घेतलं, मागून बाकीच्या बायका णमोकार मंत्र म्हणत निघाल्या. सुकुमार लाल चेहऱ्यानं रिकामी खुर्ची उचलून मागोमाग येत होता, आई पडली तर म्हणून. आक्का खिडकीपर्यंत गेल्या, गज धरून उभ्या राहिल्या, बाहेर बघितलं आणि परत आल्या.

त्या दिवसापासून आम्हाला वाट सापडली. ज्या गर्दीला मी आयुष्यभर बाहेर काढत आले तीच कामाला लावली. मॅडमनी ते संशोधनात रीतसर घेतलं. बघायला येणाऱ्यांतल्या दोघांना नर्सनं धरायचं कसं ते दाखवायचं आणि त्यांनी पेशंटला चालवायचं. भेटायला आल्याचं सार्थक झाल्यासारखं लोकांनाही वाटायला लागलं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतली पोरं शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या कपड्यांतच यायची आणि सोबतच्या कामगाराच्या बापाला मिरवत न्यायची. चेअरमनसाहेबांना तर संचालक मंडळानं चालवलं. मागं सगळे, पुढं हे, वाटेतल्या पेशंटांना नमस्कार करत. निवडणूक जवळ आली होती म्हणे.

आक्का घरी जाताना लिफ्टपासून गाडीपर्यंत चालल्या. सुकुमार मला म्हणाला, "आक्काची हाडं मुळात काटक हायत म्हणून निभावलं बगा." मी हसून सोडून दिलं. काही दिवसांनी आक्कांनी नातवाकडून फोन लावून घेतला. बस्तीच्या पायऱ्या चढल्याचं सांगितलं आणि फोन चालू ठेवूनच कुणावर तरी ओरडायला लागल्या. त्या दिवशी मी वॉर्डात सगळ्यांना चहा पाजला.

संशोधन पूर्ण झालं. आकडे मी सांगत नाही, ते सांगणं मॅडमचं काम होतं आणि त्यांनी ते मोठ्या परिषदेत सांगितलं. आमच्या वॉर्डातले पेशंट दुसऱ्या वॉर्डातल्यांपेक्षा जास्त संख्येनं स्वतःच्या पायांनी घरी गेले, एवढं मला पुरे होतं. हॉस्पिटलला बक्षिसाची ढाल मिळाली. खुर्च्यांसकट आमचा फोटो काढून तळमजल्यावर लावला. मॅडमना बढती मिळाली आणि हॉस्पिटलचा दर्जा सुधारण्याचा नवा विभाग त्यांच्याकडं आला. मला वाटलं, आता सगळ्या वॉर्डांत हे सुरू होणार.

झालं उलटंच. वरच्या मजल्यावर एक पेशंट एकटाच संडासला जायला उठला आणि पडला. खुब्याचं हाड मोडलं. त्याला कुणी चालवत नव्हतं, उलट हाक मारूनही कुणी आलं नव्हतं म्हणून तो उठला होता. नातेवाईकांनी गावाकडून माणसं आणून खालच्या काचा फोडल्या, मॅडमना घेराव घातला, नको ते बोलले. आणि त्याच सुमाराला मानांकनाची तपासणी तोंडावर आली. मग मॅडमच्याच विभागातून फर्मान निघालं, पेशंट पडण्याचं प्रमाण शून्यावर आणायचं.

आता शून्यावर आणायचं कसं? सोपं आहे. जो उठतच नाही तो पडत नाही. साठीच्या वरच्या प्रत्येकाच्या खाटेचे दोन्ही कठडे वर. फिजिओथेरपिस्ट हजर असल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही, आणि फिजिओथेरपिस्ट सगळ्या मजल्यांना मिळून एक. ज्या नर्सच्या ड्युटीत पेशंट पडेल तिनं लेखी खुलासा द्यायचा. पेशंटमागं एकच पास, गर्दी बंद. जेवण नव्या ठेकेदाराकडं गेलं, त्याची वेळ ठरलेली, ती दिवेलागणीनंतरची. खुर्च्या अडगळ म्हणून उचलून सभागृहात नेल्या. तिथं मॅडम त्याच संशोधनावर बाहेरून आलेल्या पाहुण्यांना भाषण द्यायच्या आणि पाहुणे त्या खुर्च्यांवर बसून ऐकायचे. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

माझ्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले असताना आक्का पुन्हा आल्या. लघवीचा संसर्ग, थंडी वाजून ताप. काठी टेकत, पण स्वतःच्या पायानं आल्या. मला बघून चेहरा उजळला. ताप उतरल्यावर पहिलं वाक्य तेच, "चालीव की गं बाई."

मी कठड्याला हात घातला तर नवी नर्स घाबरून म्हणाली, "नको सिस्टर, कॅमेरा आहे." मी फिजिओथेरपिस्टला चिठ्ठी पाठवली. तो बिचारा एकदा आला तेव्हा आक्कांना झोप लागली होती, पुन्हा त्याला सवड झाली नाही. मी नियम बाजूला ठेवून स्वतः दोनदा आक्कांना खिडकीपर्यंत नेलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्याविरुद्ध तक्रार वर गेली. मग मी मॅडमकडं गेले.

"मॅडम, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत," मी म्हणाले. "त्या बाईचे पाय गेले तर ती घास घेणार नाही. तुम्हाला माहीत आहे. तिचं ताट तुम्हीच वेळेत आणवलं होतंत."

मॅडमनी टेबलावरचे कागद सरळ केले. मग म्हणाल्या, "सिस्टर, रिसर्च वेगळा आणि नियम वेगळा. पेशंट खाटेवर अशक्त झाला तर कुणी माझ्याकडं येत नाही. पण पडला तर शंभर माणसं येतात. त्या दिवशी तुम्ही नव्हता माझ्या जागी."

मी नव्हते, खरंच. त्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल ते मला कळतं. तरी मी त्यांना माफ केलेलं नाही. बाहेरच्या एखाद्या अडाणी अधिकाऱ्यानं हे केलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण त्यांना माहीत होतं. त्यांच्याइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं.

आठवडा संपायच्या आत माझी बदली निर्जंतुक सामानाच्या विभागात झाली. "शेवटचे महिने आराम करा सिस्टर," असं सांगण्यात आलं. मी तिथं कात्र्या आणि चिमटे मोजत होते आणि वर आक्का कठड्याआड निजून होत्या. संध्याकाळचं ताट अंधारात यायचं आणि तसंच परत जायचं. बाहेरच्या डब्याला बंदी होती. जावेला पास मिळाला नाही, ती फाटकातूनच परत गेली.

घरी सोडायच्या दिवशी मी काम टाकून वर गेले. ताप नव्हता, सगळे रिपोर्ट चांगले होते. आक्कांना उठवून बसवायला दोघं लागले. पाय खाली सोडले तर ते जमिनीला टेकले नुसते, त्यांच्यात जोर काही आला नाही. स्ट्रेचर मागवला. नेमक्या मॅडम राऊंडला आल्या आणि सुकुमार हात जोडून पुढं झाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"मॅडम, लई उपकार झालं बगा," तो म्हणाला. "गेल्या बारीला आक्काला लई तरास झालता. उठीव, बशीव, चालीव, जिवाला आराम म्हणून न्हवता. ह्या बारीला पाय सुदिक खाली टाकू दिला न्हाय तुमच्या माणसांनी. सेवा म्हंजी अशी पायजे. मी समद्या गावाला सांगणार हाय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि नजर वळवली. मग त्यांनी सुकुमारला थँक्यू म्हटलं आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

स्ट्रेचर लिफ्टपाशी थांबला होता. आक्कांनी माझं बोट धरलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"बाई, आता गावात गेल्यावर मी जेवायचं कसं गं?"

सुकुमारच वाकून आईच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाला, "मी भरीवतो की आक्का. माझ्या हातानं भरीवतो. तू कशाला काळजी करत्यास?" आणि त्यानं तिच्या अंगावरची शाल गळ्यापर्यंत नीट ओढून दिली.